कालवा रस्त्यावरची तेवीस झाडं

"अगं थांब, थांब! वर बघ जरा. काय फुललंय!"

नवऱ्याने दंड धरून थांबवलं तेव्हा बाई मनातल्या मनात पावलं मोजत होत्या. सहाशे बारापर्यंत आल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी रोज सकाळी हजार पावलं नेमून दिली होती. आजवर त्या घरामागच्या गल्लीतच येरझाऱ्या घालत होत्या. गावातून, सरळ कालवा रस्त्याने, चालत जायचं हे नवऱ्याचं डोकं. चाळीस वर्षं मान खाली घालून त्याने लोकांचे कपडे शिवले होते. दुकान बंद केल्यापासून जे दिसेल ते तो मान वर करून बघायचा, आणि त्यापायी दोनदा खड्ड्यात पाय घालून झाला होता.

"हा जांभळा कापडात मिळत नाही," तो म्हणाला. "मिळाला तरी पहिल्या धुण्यात विटतो."

बाईंनी वर पाहिलंच नाही. झाड दिसलं की त्यांची नजर आधी खोडावर जाते, तिथे ठोकलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावर. चारशे तेवीस. बिल्ल्याच्या खाली लाल रंगाची फुली होती, दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या, रंग जराही न ओघळलेला. गावात इतकी नेटकी फुली दुसरं कोणी मारत नव्हतं.

मग त्यांनी वर पाहिलं. नीलमोहराला पान एकही नव्हतं आणि फांदीचं टोक न् टोक फुलांनी भरलं होतं.

"फुली तुझीच ना?" नवऱ्याने विचारलं.

"माझीच."

"म्हणजे मेलेलं झाड."

"हो."

"मग फुललं कसं?"

एवढा साधा प्रश्न बाईंना एकतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता.

नगर कार्यालयाचा वृक्ष विभाग म्हणजे बाईच. त्यांना हाताखाली माणसं मिळत, शिकत आणि बदली करून घेऊन निघून जात. गाव त्यांना झाडबाई म्हणायचं, तोंडावरसुद्धा. गावात झाडं किती, कोणतं कुठे, कशाला कीड आहे, कशाची फांदी तारांना लागते, हे वहीत असायचं आणि वही बाईंच्या पिशवीत. झाड मेलं की नाही हे ठरवायची त्यांची रीत ठरलेली होती. पिशवीतला छोटा चाकू काढायचा, छातीच्या उंचीवर नखाएवढी साल खरवडायची, आत हिरवं ओलं दिसतं का बघायचं. एका बाजूला नाही, चारही बाजूंना. नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी हेच सांगत: "एका बाजूला बघून कागद लिहिलास तर मी तुझाच कागद लिहीन."

तेवीस झाडांचा कागद त्यांनी एका बाजूला बघून लिहिला होता.

थंडीचे दिवस होते. गुडघा असा सुजला होता की जिना चढताना डोळ्यांत पाणी यायचं. कालवा रस्त्याच्या झाडांच्या पलीकडे गटार आहे, चांगलं रुंद. ते ओलांडल्याशिवाय बाकीच्या बाजू दिसत नाहीत. बाईंनी रस्त्यावरूनच खरवडलं, आत तपकिरी कोरडं निघालं. पुढच्यालाही तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. तेवीसच्या तेवीस. 'मृत' लिहून त्या गाडीत बसल्या आणि डोळे मिटून घेतले.

रस्त्याकडची साल का मेली होती, हे त्यांना माहीत होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी रस्ता नव्याने केला तेव्हा कामगारांनी डांबराची पिंपं या खोडांना टेकवून पेटवली होती. त्यावर तक्रारीचं पत्र बाईंनीच लिहिलं होतं, चांगलं दोन पानी. म्हणजे माहीत होतं. त्या दिवशी आठवलं नाही, की ठणकणाऱ्या गुडघ्याने आठवू दिलं नाही, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं आणि जे उत्तर आलं ते त्यांना आवडलं नाही.

"तुमची कात्री द्या."

"कसली कात्री?"

"दोरे कापायची. आहे तुमच्या खिशात, मला माहितीये."

दुकान बंद झालं तरी ती कात्री खिशातून गेली नव्हती. नवऱ्याने ती चोरी पकडल्यासारखी काढून दिली. बाईंनी साडी वर खोचली आणि गटाराच्या काठाशी गेल्या.

"अगं वेड लागलं का तुला! नवा गुडघा आहे!"

"नवा आहे म्हणूनच. हात धरा."

त्या पलीकडे गेल्या. कात्रीच्या टोकाने साल खरवडली. आत हिरवं होतं, ओलं होतं, बोट लावलं तर बोटाला ओल लागली. दुसऱ्या बाजूलाही तेच. बाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांना लाज वाटली, सरळ साधी लाज, शाळेत गृहपाठ दुसऱ्याचा उतरवताना सापडल्यावर वाटते तशी.

"सोमवारी कामावर गेलीस की सांग ना साहेबांना," नवरा म्हणाला. "घाई काय आहे?"

त्याचं बोलणं संपतंय तोच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला टेंपो येऊन थांबला. चार माणसं उतरली. पाचव्याने पेट्रोलवरची करवत खाली घेतली.

तो मुकादम होता. गावातलं मेलेलं झाड त्याच्याशिवाय कोणी पाडत नसे आणि बाईंच्या सहीशिवाय तो कशाला हात लावत नसे. त्याचं ठरलेलं वाक्य होतं: बाईंची सही असली की मी वर बघत नाही. बाईंना याचा अभिमान होता. आज त्या वाक्याने त्यांच्या पायाला गती दिली. नवरा मागून "हळू, हळू" करत राहिला आणि त्या चारशे एक नंबरपाशी पोचल्या तेव्हा धापा टाकत होत्या.

"बाई! पाय कसा आहे?" मुकादम हसला.

"करवत खाली ठेवा. झाडं जिवंत आहेत."

मुकादमाने खिशातून यादी काढली, उलगडली, खालची सही बघितली, मग बाईंकडे बघितलं. "ही सही तुमची नाही का?"

"माझी आहे. चुकले मी. वर बघा जरा."

त्याने वर बघितलं. बहुधा पंधरा-वीस वर्षांत पहिल्यांदाच. हेही झाड जांभळं झालं होतं. "आता माझी पंचाईत केलीत," तो म्हणाला. "आजच्या आज रस्ता मोकळा करा म्हणून साहेबांनी सांगितलंय. तुम्ही साहेबांशी बोला. ते थांब म्हणाले तर माझं काय जातंय?"

बाईंनी फोन लावला. साहेब नवे होते, आठ महिन्यांचे, वयाने बाईंच्या मुलापेक्षा लहान. वागायला गोड माणूस.

"मॅडम, तुम्ही रजेवर ना? आराम करा की."

"साहेब, कालवा रस्त्याची झाडं मेलेली नाहीत. फुलली आहेत."

"मरताना फुलतात म्हणे काही झाडं."

"कोण म्हणे?"

साहेबांचा आवाज आणखी मऊ झाला. "हे बघा, तो रस्ता रुंद करायचाय. जिवंत झाड तोडायचं म्हणजे नोटीस लावा, लोकांच्या हरकती ऐका, वर्ष जातं त्यात. मेलेल्याला कोणी हरकत घेत नाही. तुमच्या यादीमुळे किती सोपं झालं होतं काम."

"यादी चुकीची आहे. मी एकाच बाजूने पाहिलं."

"तुमची नोकरी राहिली पाच महिने. एकतीस वर्षांत एक वाकडा शेरा नाही तुमच्या नावावर. आता शेवटी स्वतःच्या हाताने कशाला काळं लावून घेता? कोणी विचारणार नाही तुम्हाला. मी तर नाहीच विचारणार. घरी जा, पाय वर घेऊन बसा."

साहेबांनी दम दिला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. दम देणारे साहेब त्यांनी सहा पाहिले होते आणि सहाही पुढे गेले होते. हे मात्र अभय देत होते. क्षणभर, खरंच क्षणभर, बाईंना घर दिसलं, खिडकीजवळची खुर्ची दिसली, पायाखाली उशी दिसली.

"साहेब, मला विचारायला कोणी नको. मलाच माहितीये."

"बरं," साहेब म्हणाले. "मुकादमाला द्या फोन."

बाईंना वाटलं, पटलं. त्यांनी फोन मुकादमाच्या हातात दिला आणि सुटकेचा श्वास टाकून नवऱ्याकडे वळल्या. मुकादम दोनदा "हो साहेब" म्हणाला, एकदा "पण साहेब" म्हणाला, मग पुन्हा "हो साहेब". त्याने फोन परत दिला तेव्हा त्याची नजर जमिनीवर होती.

"बाई, बाजूला व्हा. माझा नाइलाज आहे."

करवत सुरू झाली. त्या आवाजात बाई काय ओरडल्या ते नवऱ्यालाही ऐकू आलं नाही. दोन माणसांनी त्यांना हाताला धरून, अगदी अदबीने, रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभं केलं. चारशे एक पडायला सात-आठ मिनिटंही लागली नाहीत. झाड आडवं झालं तेव्हा फुलं सगळ्या रस्त्यावर उडाली, टेंपोच्या टपावर, मुकादमाच्या खांद्यावर.

बाई बुंध्यापाशी गेल्या. कापलेली जागा पांढरीशुभ्र होती आणि ओलीने चकाकत होती. त्यांनी तळवा टेकवला आणि तळवा भिजला. त्यांना रडू आलं नाही. राग आला, आणि तो आधी स्वतःचाच आला. हे झाड साहेबांनी पाडलं नव्हतं, मुकादमानेही नव्हतं. हे त्यांनी पाडलं होतं, थंडीतल्या एका सकाळी, गाडीत बसून.

"मुकादम, यादी दाखवा."

"आता काय बघता यादीत?"

"माझ्या सहीचा कागद आहे. मला बघायचाय."

त्याने यादी दिली. बाईंनी ती टेंपोच्या फळीवर पसरली आणि नवऱ्याकडे हात केला. "पेन."

नवऱ्याने वरच्या खिशातून पेन्सिल काढली.

"पेन्सिल चालत नाही." बाईंनी मुकादमाच्या कानावरचं पेन सरळ ओढून घेतलं. मग यादीच्या डोक्यावर, कोऱ्या जागेत, त्यांनी लिहिलं आणि लिहिताना मोठ्याने म्हटलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल: "आज सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी रजा संपवून कामावर रुजू झाले."

"रस्त्यात?" नवरा म्हणाला.

"माझं काम रस्त्यातच असतं."

कार्यालयात एक नियम होता. ज्याने नोंद केली त्यानेच ती खोडायची, खोडताना कारण लिहायचं, सही करायची आणि वेळ टाकायची. दुसऱ्या कोणाला, साहेबालासुद्धा, ती खोडता येत नाही आणि खोडलेली पुन्हा लिहिताही येत नाही. मुकादमाला हा नियम पाठ होता, कारण त्याच्या पोटावर पाय आणणारा तोच एक नियम होता.

"म्हणजे तुम्ही आता सगळेच नंबर खोडणार," तो म्हणाला.

"बघितल्याशिवाय एकही खोडणार नाही. चारही बाजू बघणार, मग खोडणार. तोवर यादी माझ्या हातात राहील. यादीशिवाय कापणार असाल तर कापा, मी अडवायला येत नाही."

मुकादमाने करवतीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि आपल्या माणसांना सांगितलं, "चहा घ्या रे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, किती वेळ लागेल?"

"माझा पाय विचारा."

पुढचे दोन तास कालवा रस्त्याने जे पाहिलं ते त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. साठीला टेकलेली बाई, साडी खोचलेली, हातात शिंप्याची कात्री, झाडामागून झाड गटार ओलांडत होती. एका बाजूने नवरा हात धरायचा. तिसऱ्या झाडानंतर दुसऱ्या बाजूने मुकादम धरायला लागला, न सांगता. शाळेला निघालेल्या पोरींनी थांबून विचारलं, "झाडबाई, काय शोधताय?" बाई म्हणाल्या, "माझी चूक," आणि पोरी हसत पळाल्या. प्रत्येक झाडाशी बाई यादीवरचा नंबर खोडत आणि शेजारी लिहीत: जिवंत. पाहणीत चूक. चूक माझी. सही. वेळ.

"दर ओळीला कशाला?" मुकादम म्हणाला. "एकदाच लिहा आणि खालपर्यंत एक रेघ ओढा. पाय सुजलाय तुमचा."

"एकदा अशीच एक रेघ ओढली होती मी. त्याचंच निस्तरतेय."

चारशे नऊपाशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. या झाडावर फूल नव्हतं. त्यांनी चार ठिकाणी खरवडलं, मग आणखी खाली, मग मुळाशी वाकून. गुडघ्याने चांगलंच बजावलं तरी वाकल्या. सगळीकडे तपकिरी, भुसभुशीत.

"हे मेलंय," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. "सोड ना एवढं. बाविसांत एक, कोणाला कळतंय? राहू दे उभं."

"मेलंय ते. मुकादम, हे कापा."

"काय?"

"कापा म्हणतेय ना. यादीत नंबर शाबूत आहे."

मुकादम पहिल्यांदा मोकळं हसला. "बाई, तुमच्यापुढे साहेब काय टिकतील!" त्याने करवत आणली आणि चारशे नऊ पाडलं. कोरडा भुसा उडाला आणि आतून पोखरलेलं खोड फुटून दोन तुकडे झालं. बाईंनी पडेपर्यंत नीट पाहिलं आणि पुढच्या झाडाकडे निघाल्या.

चारशे तेवीस सगळ्यात शेवटी आलं. ते आधीच तपासलेलं होतं, तरी त्यांनी पुन्हा तपासलं. तिथून त्या सगळा रस्ता परत चालत आल्या, पहिल्या बुंध्यापाशी. यादीतली पहिली ओळ अजून तशीच होती. चारशे एकचा नंबर खोडता येत नव्हता, कारण झाडच उरलं नव्हतं. बाईंनी बराच वेळ पेन हातात धरलं. मग शेजारी लिहिलं: जिवंत होतं. माझ्या सहीने कापलं गेलं. आवाज न करता त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"घ्या तुमची यादी," त्या मुकादमाला म्हणाल्या.

त्याने ती वरपासून खालपर्यंत वाचली. "कापायला नंबरच उरला नाही," तो म्हणाला आणि माणसांना सामान टेंपोत भरायला सांगितलं. जाताना त्याने बुंध्यावरची फुलं हाताने बाजूला सारली आणि निघून गेला.

टेंपो वळणाआड गेला न गेला तोच कार्यालयाचा शिपाई मोटरसायकलवरून आला. गेली वीस वर्षं बाई आणि तो एकाच टेबलावर डबा खात होते. गाडी लावून तो नुसताच उभा राहिला, बॅगेचा बंद चाचपत.

"काढ," बाई म्हणाल्या. "नोटीस ना?"

"ताई, मला पाठवलं म्हणून आलो."

"तुझा काय दोष? वाच. मोठ्याने वाच, यांनाही ऐकू दे."

शिपायाने घसा साफ केला. पाहणीत गंभीर हयगय केल्याबद्दल, तसंच रजेवर असताना सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचं कारण तीन दिवसांत दाखवावं. वाचताना 'गंभीर' या शब्दावर त्याचा आवाज बारीक झाला.

"पहिलं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "दुसरं चूक. आठ चाळीसला रुजू झाले मी. उत्तरात लिहीन तसं. आण, पोच देते. तुझं पेन दे."

"हिच्या नावावर एकतीस वर्षांत..." नवरा बोलायला लागला.

"आता आहे नावावर," बाई म्हणाल्या. "खरं आहे ते राहू दे."

सही करायला सपाट जागा नव्हती. शिपायाने पाठ वाकवून पुढे केली. "माझ्या पाठीवर ठेवा, ताई." बाईंनी मान हलवली. त्या सुजलेला पाय बाजूला काढून, नवऱ्याच्या खांद्याला धरून, हळूहळू खाली बसल्या आणि कागद चारशे एकच्या बुंध्यावर पसरला.

पूर्ण नाव, हुद्दा, तारीख, वेळ. बाईंचं अक्षर मोठं होतं आणि त्या सावकाश लिहीत होत्या. कागदाखालची ओल आधी मधोमध वर आली, मग कडेपर्यंत पसरली. नोटिशीचे टंकलेले शब्द फुगायला लागले.

"ताई, उचला, कागद भिजतोय!"

"भिजू दे."

त्यांनी सहीखाली रेघ ओढली, पेनाचं टोपण लावलं आणि मग कागद दोन्ही हातांनी सोलून काढल्यासारखा उचलला. त्याच्या मागच्या अंगाला लाकडाचा बारीक भुसा चिकटला होता. शिपाई तो झटकायला गेला तर बाईंनी त्याचा हात धरला.

"झटकू नको. घडीपण घालू नको. साहेबांनी विचारलं, कसलं पाणी आहे, तर सांग, त्या मेलेल्या झाडाचं."

शिपायाने कागद दोन कोपऱ्यांना धरला. बॅगेत घालावा तर घडी पडणार, खिशात तर मावणारच नाही. शेवटी त्याने तो डाव्या हातात पसरून धरला, मोटरसायकल सुरू न करताच वळवली आणि एका हाताने ढकलत कार्यालयाकडे चालत निघाला.